चंदगड : गाव शहर होताना कडेच्या प्लॉटवर कोण राहणार?
घर, जागा, कागद आणि आपली वस्ती – कार्यकर्त्यांसाठी माहितीपर लेख

तालुक्याचे गाव मोठे होते तेव्हा ते आतून वाढत नाही, कडेने वाढते. बसस्थानकापासून निघणाऱ्या रस्त्यांलगत शेताचे तुकडे पडतात, चुन्याच्या रेघा मारल्या जातात, 'प्लॉट विक्री'चा फलक लागतो आणि चार-पाच वर्षांत तिथे नवी कॉलनी उभी राहते. चंदगडमध्येही हेच चालू आहे. या नव्या कॉलनीत कोण राहायला जाते, कोणाला जाता येत नाही आणि गावठाणाच्या टोकाला असलेल्या आपल्या वस्तीचे पुढे काय होते, हे प्रश्न बौद्ध तरुणांनी आत्ताच समजून घ्यायला हवेत. कारण चंदगड आता नगरपंचायत आहे, जनगणना तोंडावर आहे आणि या दोन्ही गोष्टींचा परिणाम पुढची तीस वर्षे टिकणार आहे.

चंदगड कुठे आहे, कसे आहे

चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला सिंधुदुर्ग आणि त्यापलीकडे गोवा. ताम्रपर्णी आणि घटप्रभा या इथल्या मुख्य नद्या. भात, ऊस, काजू, नाचणी आणि रताळी ही ओळखीची पिके. जिल्ह्याचे ठिकाण कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटरवर, तर बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. त्यामुळे बाजार, दवाखाना आणि रोजगारासाठी लोकांचे पाय आधी बेळगावकडे वळतात.

याला इतिहासही आहे. चंदगड पूर्वी बेळगाव जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा वगळून मुंबई राज्यात ठेवला गेला. तिथून तो कोल्हापूर जिल्ह्यात आला. ही केवळ नकाशाची गोष्ट नाही. जमिनीच्या आणि जातीच्या जुन्या नोंदींवर तिचा आजही परिणाम होतो. तो पुढे येईलच.

घरांच्या मागणीचे स्रोत चार. पहिला, तालुक्याचे ठिकाण असल्याने येणारा नोकरदार : तहसील, पंचायत समिती, एसटी आगार, बँका, शाळा आणि माडखोलकर महाविद्यालयासारख्या संस्था. दुसरा, हलकर्णी आणि शिनोळीच्या औद्योगिक वसाहती आणि तालुक्यातील साखर कारखाने. तिसरा, मुंबई, पुणे, गोव्यात कमावून गावाकडे घर बांधणारा चाकरमानी. चंदगड, आजरा, गडहिंग्लज या पट्ट्याने मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान् पिढ्या कामगार पुरवले आणि गिरण्या बंद पडल्यावर त्यातली बरीच कुटुंबे परतली. चौथा, गोवा आणि आंबोलीच्या जवळिकीमुळे जमिनीकडे गुंतवणूक म्हणून पाहणारा बाहेरचा ग्राहक. महामार्गाची नुसती चर्चा झाली तरी या चौथ्या गटामुळे रस्त्याकडेच्या जमिनीचा भाव हलतो.

रहिवासी कोण : आकडे काय सांगतात

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती आणि त्यातील सुमारे ३२ टक्के लोक शहरी भागात राहत होते. चंदगड तालुक्याची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या वर होती. या तालुक्यात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त भरते, जिल्ह्याचे प्रमाण मात्र हजार पुरुषांमागे ९५७ स्त्रिया असे आहे. याचा अर्थ इथे मुलींचे भाग्य वेगळे आहे असा नव्हे. कमावते पुरुष बाहेर आहेत, म्हातारी माणसे, स्त्रिया आणि शाळकरी मुले घरी आहेत, असा त्याचा सरळ अर्थ आहे. घराच्या कागदांची धावपळ कोणी करायची हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

आता आपल्या समाजाचा आकडा. जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे १३ टक्के आहे, पण धर्माच्या रकान्यात बौद्ध म्हणून नोंदलेले लोक एक टक्क्याच्या आत आहेत. राज्यात २०११ मध्ये १,३२,७५,८९८ अनुसूचित जातीचे लोक आणि ६५,३१,२०० बौद्ध नोंदले गेले. विदर्भ-मराठवाड्याच्या तुलनेत कोल्हापुरातली ही दरी फारच मोठी आहे. अनुसूचित जातींत चांभार, मांग, ढोर असे इतरही समाज आहेत, हे खरे. पण घरात बाबासाहेबांचा फोटो, वस्तीत बुद्ध विहार आणि कागदावर मात्र 'हिंदू महार', अशी कुटुंबे आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत.

यामागे मुख्य भीती सवलत जाण्याची. ती भीती १९९० मध्येच संपली. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० मध्ये त्या वर्षी दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. धर्म बौद्ध आणि जात महार ही नोंद कायद्याने पूर्ण वैध आहे. २०११ मध्येही महाराष्ट्रातील सुमारे ५२ लाख बौद्धांनी स्वतःची नोंद अनुसूचित जातीत केली होती.

घरबाजाराचे तीन थर

चंदगडसारख्या गावात 'जागा' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

पहिला थर गावठाणाचा. जुनी घरे, चिकटून भिंती, सातबारा नाही. ग्रामपंचायतीच्या काळात हातात असायचा तो नमुना ८ चा उतारा, म्हणजे घरपट्टीची नोंद. अनेकांना हाच मालकीचा पुरावा वाटतो. तो नाही. घरपट्टी कोणाकडून वसूल करायची एवढेच तो सांगतो. गावठाणातील मालकीसाठी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका किंवा सनद लागते. गावांसाठी २४ एप्रिल २०२० पासून केंद्राची स्वामित्व योजना सुरू आहे. तिच्यात ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका दिली जाते. तालुक्यातील ज्या गावांत मोजणी होते तिथे आपल्या वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत सीमा दाखवली जाते का, हे उभे राहून पाहावे लागते.

दुसरा थर बिगरशेती झालेल्या, मंजूर रेखांकनातील प्लॉटचा. रस्ता, गटार, मोकळी जागा नकाशात असते. बँक कर्ज देते. विकायला गेले तर ग्राहक मिळतो. साहजिकच भाव सर्वांत जास्त.

तिसरा थर गुंठ्याचा. शेतजमिनीतून एक-दोन गुंठे तोडून साठेखतावर, मुखत्यारपत्रावर किंवा नुसत्या नोटरीवर घेतलेली जागा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दर कमी, म्हणून मजूर, छोटा दुकानदार, नुकताच नोकरीला लागलेला तरुण इथे जातो. पण तुकडेबंदी कायदा १९४७ नुसार प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याची विक्री नियमबाह्य ठरते, सातबाऱ्यावर नाव लागत नाही आणि कर्ज मिळत नाही. आता राज्याने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील असे व्यवहार शुल्क न घेता नियमित करण्याची तरतूद केली आहे. नगरपंचायतीची हद्द आणि आराखड्यातील निवासी क्षेत्र यांना तिचा उपयोग होतो. मात्र नोटरीवरचा व्यवहार आपोआप पक्का होत नाही. मूळ मालकाला सोबत घेऊन रीतसर दस्त नोंदवावा लागतो.

या तीन थरांत फरक मातीचा नाही, कागदाचा आहे. शेजारी-शेजारी असलेल्या दोन सारख्या जागांपैकी एकीला बँक दारात उभी करते, दुसरीला करत नाही. बाजारात किंमत जागेइतकीच कागदालाही असते. आपल्या वस्तीचा बहुतांश भाग पहिल्या थरात, नव्याने बाहेर पडलेली कुटुंबे तिसऱ्या थरात आणि मोजकी नोकरदार कुटुंबे दुसऱ्या थरात, असे चित्र आम्हाला काम करताना पुन्हा पुन्हा दिसते.

वतनाची जमीन : सर्वांत जास्त डोळा जिथे आहे

कोल्हापूर जिल्हा म्हटले की राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन रद्द करून जमिनी रयताव्याने महारांच्या नावे केल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो हुकूम करवीर संस्थानापुरता होता. चंदगड त्या वेळी ब्रिटिश मुंबई इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात होते. इथे १८७४ चा वंशपरंपरागत वतनांचा कायदा चालत होता. त्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. प्रत्यक्ष वतन संपले ते मुंबई कनिष्ठ गावकामगार वतने निर्मूलन कायदा, १९५८ ने.

या कायद्याने वतन जमीन सरकारजमा झाली आणि कब्जेहक्काची ठरावीक रक्कम भरल्यावर ती वतनदार कुटुंबाला परत देण्याची, म्हणजे पुनर्प्रदानाची, सोय झाली. अशी जमीन सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' म्हणून, बऱ्याचदा 'इनाम वर्ग ६ ब' अशा नोंदीसह दिसते. ती शेतीखेरीज वापरासाठी विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि बाजारमूल्याच्या ५० टक्के नजराणा भरावा लागतो. हा सर्वसाधारण नियम.

अडचण कुठे होते? गावाची हद्द वाढली की ही जमीन अचानक रस्त्याकडेची होते. वारसांची संख्या पन्नास-साठ, निम्मे मुंबईत, वारस नोंद तीन पिढ्या झालेली नाही, रक्कम भरून पुनर्प्रदान करून घेतलेले नाही. अशा वेळी एखादा माणूस येतो, 'जमीन तशीही सरकारी आहे, तुमच्या हाती काही लागणार नाही' असे सांगतो आणि किरकोळ पैशात सह्या गोळा करतो. पुण्याच्या मुंढव्यातील महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीचा सुमारे ३०० कोटींचा व्यवहार नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यभर गाजला. तो मोठ्या शहरातला म्हणून बातमी झाला. तालुक्याच्या गावातील दहा-वीस गुंठ्यांची बातमी होत नाही.

म्हणून पहिला नियम : वतन जमिनीच्या मुखत्यारपत्रावर सही करण्याआधी सातबारा, जुने फेरफार आणि पुनर्प्रदानाचा आदेश, तिन्ही पाहा. १९५६ पूर्वीच्या काही नोंदी बेळगावच्या दप्तरात शोधाव्या लागू शकतात. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, तेव्हाही हेच लक्षात ठेवावे.

ग्रामपंचायत ते नगरपंचायत : योजनांचा पत्ता बदलतो

नगरपंचायत झाली की बांधकाम परवानगी, कर आणि विकास आराखडा यांचे नियम शहरी होतात. राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू होते. घरकुलाचेही तसेच.

रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी आहे. घराचे क्षेत्र २६९ चौरस फूट, म्हणजे एका गुंठ्याचा जेमतेम चौथा हिस्सा. ग्रामीण भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार, शहरी भागात अडीच लाख रुपये. म्हणजे नगरपंचायत झाल्याने रक्कम वाढते. पण दोन गोष्टी हातातून निसटतात. पहिली, रोजगार हमीतून ग्रामीण घरकुलाला मिळणारी मजुरीची जोड. दुसरी, जागा नसलेल्यांसाठीची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना. तिची रक्कम ५० हजारांवरून १ लाख झाली, पण ती ग्रामविकास विभागाची आहे आणि ग्रामपंचायत हद्दीतील लाभार्थ्यांसाठी आहे. शहराच्या हद्दीतील भूमिहीन कुटुंबाला घराचे अनुदान मंजूर होऊ शकते, पण घर बांधायला जागा कुठे, हा प्रश्न तसाच राहतो.

केंद्राच्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्येही, जी १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली, स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यास अडीच लाखांपर्यंत मदत आहे. तिथेही जागेचा हक्क आधी दाखवावा लागतो. सरकारी जागेवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहणाऱ्यांची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे शासन निर्णय आहेत. वस्तीतील अनेक घरांसाठी हीच किल्ली आहे. त्यासाठी जुनी घरपट्टी पावती, वीजबिल, मतदार यादी जपून ठेवली पाहिजे.

घरकुल शक्यतो पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे करा. घर खरेदीचा दस्त स्त्रीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सूटही मिळते. पुरुष बाहेरगावी असलेल्या तालुक्यात घर तिच्या नावे असणे ही व्यवहाराचीही गोष्ट आहे.

भाड्याचे घर आणि आडनाव

बदली होऊन आलेला शिक्षक, लिपिक किंवा परिचारिका घर शोधते तेव्हा आधी गाव विचारले जाते, मग आडनाव, मग 'तुमच्यात कोणते देव?' नकार सरळ दिला जात नाही. 'कालच दुसऱ्याला दिले' असे सांगितले जाते. हा अनुभव चंदगडचा वेगळा नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १८ टक्के दलित घरशोधकांना आणि सुमारे ३१ टक्के मुस्लिमांना थेट नकार मिळाला. उच्चजातीय घरशोधकांना असा नकार मिळाला नाही. राजधानीत ही स्थिती, तर जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे आडनाव लपवणार कसे?

खासगी मालकाने घर नाकारल्यास थेट दाद मागण्याचा मार्ग आपल्या कायद्यात कमकुवत आहे. २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरते सभासदत्व ठेवण्याची उपविधी मान्य केली, हेही ध्यानात घ्यावे. पण सगळे दरवाजे बंद नाहीत. जागा बळकावणे, जागेतून हुसकावणे आणि सामाजिक-आर्थिक बहिष्कार हे अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ खाली गुन्हे आहेत. २०१५ च्या दुरुस्तीने ते अधिक स्पष्ट झाले. राज्याचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदाही २०१७ पासून लागू आहे. उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाल्याने चंदगडच्या माणसाला आता मुंबई गाठावी लागत नाही.

शिकलेले बाहेर, वस्ती मागे

इथे एक अवघड गोष्ट बोलावी लागेल. ज्यांना जमते ते वस्ती सोडतात. प्लॉट घेतात, किंवा बेळगाव, कोल्हापूर, पुण्याला जातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. खेडे ही जातीची शाळा आहे हे बाबासाहेबांनी ओळखले होते. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी त्यासाठी वसाहत आयोग सुचवला. माणसाने वेशीबाहेरची जागा सोडावी, हीच त्यामागची दिशा होती.

पण ती मागणी सामुदायिक होती. आज होते ते एकेका कुटुंबाचे बाहेर पडणे. नव्या कॉलनीत एकटे बौद्ध कुटुंब बऱ्याचदा गप्प राहते, पंचशील ध्वज लावायला कचरते. मागे राहिलेल्या वस्तीत अर्ज लिहून देणारा, नगरपंचायतीत प्रश्न विचारणारा माणूस उरत नाही. विहाराला कुलूप लागते ते जयंतीलाच उघडते. वस्तीची किंमत बाजारात आधीच कमी, ती आणखी घसरते. मग एक दिवस तीच जागा रस्तारुंदीला किंवा संकुलाला 'योग्य' ठरते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. ते आवश्यकच होते. पण पाटी बदलल्याने मिळकत पत्रिका मिळत नाही. नावाबरोबर कागदही बदलावा लागतो.

काय करावे

१. वस्तीची आपली यादी करा. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, जागेचा कागद कोणता, वारस नोंद झाली की नाही, घर मालकीचे की भाड्याचे, बाहेरगावी किती जण. दोन रविवार पुरतात. ही यादी हातात असल्याशिवाय कोणत्याही कार्यालयात जाऊ नका.

२. विकास आराखडा पाहा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी मुदत असते. आपल्या वस्तीवर, विहारावर, स्मशानभूमीवर आणि वतन जमिनीवर कोणते आरक्षण टाकले आहे ते नकाशावर बोट ठेवून तपासा. हरकत लेखी द्या, पोच घ्या.

३. वारस नोंदी पूर्ण करा. मुलींची नावे वगळू नका. वगळलेले नाव पुढे खटला होऊन परत येते आणि कुटुंब फुटते.

४. गुंठ्याची जागा घेताना चार गोष्टी पाहा : सातबाऱ्यावर विकणाऱ्याचे नाव, भोगवटादार वर्ग, इतर हक्कातील बोजा आणि जाण्यायेण्याचा रस्ता कागदावर आहे का. नोटरीवर पैसे देऊ नका.

५. नोकरदारांनी मिळून जागा घ्यावी. आठ-दहा कुटुंबांनी एकत्र येऊन मंजूर रेखांकनातील सलग प्लॉट घेतले, तर एकटेपणही टळते आणि विहारासाठी, अभ्यासिकेसाठी कोपराही ठेवता येतो. कॉलनीत गेलेल्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीच्या अभ्यासिकेला द्यावी.

६. जनगणनेची तयारी करा. १६ जून २०२५ ची अधिसूचना झाली आहे. जाहीर वेळापत्रकानुसार घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये आणि माणसांची गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. या वेळी सर्वांची जात विचारली जाणार आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात दाखल्यावरची जात, हे घरातील म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा, कारण प्रगणक येईल तेव्हा दारात बहुधा तीच असतील.

वस्तीसुधाराचा निधी, प्रभागाचे आरक्षण, घरकुलाचे उद्दिष्ट, या सगळ्यांचा पाया लोकसंख्येचा आकडा असतो. आकड्यात आपण नसलो तर नकाशात नसतो, आणि नकाशात नसलो तर प्लॉटच्या फलकामागे आपली जागा कधी गेली ते कळतही नाही. चंदगडचा आराखडा अजून कोणाच्या तरी टेबलावर आहे. तो पक्का होण्याआधी आपल्या वस्तीची यादी त्या टेबलावर पोहोचली पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!